हायड्रोजनेशनची आग फिल्टरवर लागते: पॅलॅडियम-कार्बन आणि रेनी निकेल हाताळण्याची पद्धत

रिअ‍ॅक्शन संपलेली असते. हायड्रोजन सोडून दिलेला असतो, टीएलसीवर (माल तपासायच्या पट्टीवर) डाग एकच दिसतोय आणि घड्याळात एक वाजत आलाय. गाळायच्या बुखनर फनेलवर कॅटॅलिस्टचा (उत्प्रेरकाचा) काळा थर जमलाय, खाली व्हॅक्यूम चालू आहे. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी हाक मारतं, दोन मिनिटं लक्ष जातं. तेवढ्यात थर कोरडा पडतो, त्यातून हवा ओढली जाते, कागदाच्या कडेला एक लाल ठिपका दिसतो आणि पुढच्या क्षणी इथेनॉलची वाफ पेटते.

हायड्रोजनेशन (रेणूला हायड्रोजन जोडणं) म्हटलं की नवीन मुलं ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाच्या बंद भांड्याला, घाबरतात. घाबरायला हरकत नाही, पण माझ्या समोर ज्या लहानमोठ्या आगी लागल्या त्यातली एकही ऑटोक्लेव्हच्या आत लागली नव्हती. एक फ्लास्कच्या तोंडाशी कॅटॅलिस्ट टाकताना लागली, दोन फिल्टरवर लागल्या आणि एक चक्क कचऱ्याच्या डब्यात. म्हणून या लेखात दाब आणि तापमान यांना मी थोडक्यात आटोपणार आहे. आधीच्या आणि नंतरच्या कामांवर, म्हणजे वजन करणं, टाकणं, गाळणं, ठेवणं यांवर जास्त वेळ घालवणार आहे. एम.एस्सी. करून नुकतेच एखाद्या आर अँड डी लॅबमध्ये लागलेल्यांसाठी हे लिहितोय. पहिली बॅच मात्र वाचून नव्हे, ज्याने ती वीस वेळा केली आहे अशा माणसाला शेजारी उभं करूनच करा.

बारीक म्हणजे किती बारीक

पॉल साबातिये यांना १९१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते बारीक विभागलेल्या धातूंच्या सान्निध्यात सेंद्रिय संयुगांचं हायड्रोजनेशन करण्याच्या पद्धतीसाठी. ‘बारीक विभागलेला’ हे शब्द त्या पारितोषिकाच्या कारणातच आहेत, कारण सगळी किमया तिथेच आहे. १ ग्रॅम निकेलचा एक सलग ठोकळा घेतला तर त्याची बाजू अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित कमी भरते आणि सगळ्या बाजूंचं मिळून क्षेत्रफळ जेमतेम १.४ चौरस सेंटिमीटर. रेनी निकेलच्या १ ग्रॅमचं क्षेत्रफळ साधारण १०० चौरस मीटर असतं. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, म्हणजे १३० चौरस मीटर. चिमूटभर काळ्या भुकटीत जवळजवळ एक कबड्डीचं मैदान घडी घालून ठेवलंय असं समजा. ठोकळ्याच्या मानाने हे सात लाख पट झालं.

हे कुटून किंवा दळून होत नाही. मरे रेनी हा अमेरिकन इंजिनिअर, शिक्षणाने मेकॅनिकल. टेनेसीतल्या चॅटनूगा इथे तेल शुद्धीकरणाच्या कंपनीत काम करताना वनस्पती तेल घट्ट करण्यासाठी तो चांगलं निकेल शोधत होता. १९२४ मध्ये त्याने निकेल आणि सिलिकॉनचा मिश्रधातू करून त्यातलं सिलिकॉन कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने) विरघळवलं. १९२६ मध्ये सिलिकॉनऐवजी अ‍ॅल्युमिनियम घेतलं, निम्मं-निम्मं. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खाऊन टाकतं आणि मागे उरतो निकेलचा स्पंज, सगळीकडे भोकंच भोकं आणि त्या भोकांमध्ये चिकटलेला हायड्रोजन. आपल्याकडे शिवडीच्या कारखान्यात डालडा बनायचा तोही निकेलच्याच जोरावर. तेलातले दुहेरी बंध हायड्रोजनने भरले की तेलाचं तूपसदृश काहीतरी होतं.

एवढं क्षेत्रफळ जसं हायड्रोजनला मोकळं असतं तसंच ते हवेतल्या ऑक्सिजनलाही असतं. ओला आहे तोवर हा पदार्थ काळ्या चिखलासारखा निमूट बसतो, कोरडा झाला की स्वतःहून पेटतो. पॅलॅडियम-कार्बनचं, म्हणजे कार्बनच्या भुकटीवर बसवलेल्या पॅलॅडियम धातूचं, थोडं वेगळं आहे. न वापरलेली कोरडी भुकटी हवेत बहुधा शांत राहते, पण मिथेनॉल किंवा इथेनॉलची वाफ मिळाली की ती त्या वाफेला हवेशी लावून देते. आणि हायड्रोजनमधून बाहेर आलेला, वापरलेला पॅलॅडियम-कार्बन ताज्यापेक्षा वाईट, कारण तो पोटात हायड्रोजन भरून आलेला असतो. हा फरक डोक्यात पक्का बसवा.

कोणता घ्यायचा

अ‍ॅरोमॅटिक नायट्रोचं अमाइन करायचं, दुहेरी बंध भरायचा किंवा बेंझाइल गट काढायचा असेल तर ५ किंवा १० टक्क्यांचा पॅलॅडियम-कार्बन. दाब कमी लागतो, काम सुटसुटीत होतं. नायट्राइलचं प्राथमिक अमाइन करायचं असेल तर रेनी निकेल आणि सोबत अमोनिया, नाहीतर दुय्यम अमाइनचा कचरा होतो. रेणूतून गंधकच काढून टाकायचं असेल तर रेनी निकेलला तोड नाही, पण तिथे ते उत्प्रेरक म्हणून नव्हे, भरपूर प्रमाणात अभिकर्मक म्हणून लागतं. तिहेरी बंधावर येऊन दुहेरीवर थांबायचं असेल तर लिंडलारचा कॅटॅलिस्ट, १९५२ सालचा: कॅल्शियम कार्बोनेटवर पॅलॅडियम आणि त्याला शिशाचं मुद्दाम दिलेलं विष.

नायट्रोच्याच रेणूवर क्लोरीन किंवा ब्रोमीन असेल तर साध्या पॅलॅडियमच्या वाटेला जाऊ नका. तो हॅलोजनही काढून टाकतो, आणि सुटलेलं आम्ल स्टीलच्या ऑटोक्लेव्हला खातं. तिथे गंधकाने मंदावलेला प्लॅटिनम-कार्बन वापरतात.

पैशांचा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. निकेल स्वस्त हे खरं, पण पॅलॅडियम परत मिळतो. वापरलेला कॅटॅलिस्ट धातू काढण्यासाठी परत पाठवता येतो. म्हणून खरेदीच्या किमतीवर निर्णय घेऊ नये.

रेनी निकेल स्वतः बनवायचं का?

माझं मत: नाही. पाण्याखालची तयार स्लरी मिळते, ती घ्या. पण एकदा तरी कोणीतरी करताना बघा, कारण त्यातून या पदार्थाचा स्वभाव कळतो.

१० ग्रॅम मिश्रधातूत ५ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम. ते पूर्ण विरघळलं तर साधारण ६.८ लिटर हायड्रोजन निघतो, तोही फेसासकट. म्हणून भांडं अपेक्षेपेक्षा पाच-सहा पट मोठं, फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), जवळ कुठेही हॉट प्लेट किंवा ठिणगी नाही. कॉस्टिकचं द्रावण बर्फात गार करून ठेवायचं आणि मिश्रधातूची भुकटी त्यात चिमटीचिमटीने टाकायची. उलटं कधीही नाही. पहिल्या चिमटीनंतर काहीच होत नाहीसं वाटतं आणि माणूस हात सैल सोडतो. मग दोन मिनिटांनी सगळं एकदम उसळतं. तापमान २५ अंशांच्या आत धरून दोनेक तासांत भुकटी संपवायची, नंतर सावकाश गरम करत ठेवायचं. मिश्रधातूतले सगळे भाग सारख्या वेगाने विरघळत नाहीत. अ‍ॅल्युमिनियम जास्त असलेला भाग पटकन जातो, दुसरा रेंगाळतो, आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम शेवटपर्यंत आत राहतंच. मग निथळून, डिस्टिल्ड पाण्याने धुवत राहायचं, धुण्याचं पाणी लिटमसला उदासीन लागेपर्यंत. धुताना निकेल दर वेळी पाण्याखालीच राहिलं पाहिजे.

कापड गिरणीत रंग धुणाऱ्याची चिकाटी लागते याला. म्हणूनच म्हणतो, विकत घ्या.

वजन: जिथे निम्मे लोक चुकतात

पॅलॅडियम-कार्बनच्या बाटलीवर दोन आकडे असतात. एक धातूचा, समजा १० टक्के. दुसरा पाण्याचा, बहुतेकदा ५० टक्क्यांच्या आसपास. १० टक्के हे कोरड्या वजनावर. म्हणजे निम्मा ओला माल १ ग्रॅम घेतला तर त्यात पॅलॅडियम ०.१ ग्रॅम नसून ०.०५ ग्रॅम. ‘मागच्या बॅचला चार तासांत झालं, या वेळी दहा तास लागतायत’ अशी तक्रार आली की मी आधी बाटली बघतो. नव्या मालात पाणी जास्त असतं आणि कोणी हिशोब केलेला नसतो. आणि हो, विकत घेताना ओलाच घ्या. कोरडा मागवण्याची गरज पाण्याला न चालणाऱ्या रिअ‍ॅक्शनलाच पडते, आणि तशा फार थोड्या.

रेनी निकेलचं वजन तर सरळ करताच येत नाही, कारण कोरडं करायचंच नाही. त्यावर जुनी युक्ती आहे. एक लहान मानेची बाटली खुणेपर्यंत पाण्याने भरून वजन करा. मग तीच बाटली, आत हवी तेवढी स्लरी घालून, पुन्हा त्याच खुणेपर्यंत पाण्याने भरून वजन करा. दोन वजनांतल्या फरकाला साधारण १.१७ ने गुणलं की कोरड्या निकेलचं वजन मिळतं. कारण साधं: या निकेलची घनता ७ च्या आसपास, त्याने स्वतःच्या आकाराएवढं पाणी बाहेर ढकललेलं असतं, तेवढं वजन परत मिळवायचं. सात भागिले सहा. १२ ग्रॅम फरक आला तर निकेल १४ ग्रॅम.

बाटली जुनी असेल तर निकेल जिवंत आहे का ते आधी बघा. फ्यूम हूडमध्ये, आजूबाजूचं सगळं सॉल्व्हंट हटवून, चिनी मातीच्या फरशीवर फिल्टर पेपरचा तुकडा ठेवा आणि त्यावर स्लरीचा एक थेंब टाका. पाणी उडालं की चांगलं निकेल ठिणग्या टाकतं आणि कागद जाळतं. नुसताच राखाडी डाग राहिला तर बाटली मेलेली आहे. या चाचणीनंतर तो कागद पाण्यात बुडवायला विसरू नका.

हातमोजे हवेतच. निकेलने कातडीला अ‍ॅलर्जी होते आणि एकदा सुरू झाली की आयुष्यभर घड्याळाचा पट्टासुद्धा टोचतो. निकेलची संयुगं कर्करोगकारक म्हणून नोंदलेली आहेत. भुकटी नाकात जाईल असं काहीही नको.

एक बॅच, सुरुवातीपासून

उदाहरण म्हणून इथाइल पॅरा-नायट्रोबेंझोएट घेऊ. त्याचं अमाइन म्हणजे बेंझोकेन. दोन्ही घन, दोन्हींचे वितळणबिंदू ओळखीचे, त्यामुळे काम झालं की नाही ते कळतं.

माल ९.७५ ग्रॅम, म्हणजे ०.०५ मोल. एका नायट्रो गटाला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात, म्हणून ०.१५ मोल, खोलीच्या तापमानाला सुमारे ३.७ लिटर. इथेनॉल १०० मिलिलिटर. एस्टर इथाइलचा आहे, म्हणून सॉल्व्हंटही इथेनॉलच. मिथेनॉलमध्ये अदलाबदल व्हायची शक्यता कशाला ठेवा? कॅटॅलिस्ट १० टक्के पॅलॅडियम-कार्बन, निम्मा ओला, १ ग्रॅम. कोरड्या हिशोबाने मालाच्या ५ टक्के.

आता उष्णतेचा हिशोब, जो कोणी करत नाही. अ‍ॅरोमॅटिक नायट्रो गटाचं हायड्रोजनेशन मोलमागे ५०० किलोज्यूलच्या वर उष्णता सोडतं. आपल्या ०.०५ मोलला २५ किलोज्यूल धरा. ती सगळी एकदम या १०० मिलिलिटर इथेनॉलला मिळाली, तर तापमान हिशोबाने सव्वाशे अंशांनी वाढेल. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. लहान फ्लास्कमध्ये उष्णता भिंतीतून निघून जाते म्हणून आपण वाचतो. वीस लिटरच्या भांड्यात तसं होत नाही. म्हणून मोठ्या बॅचला थंड पाण्याचं जॅकेट चालू आहे हे बघितल्याशिवाय ढवळणं सुरू करायचं नाही.

पार शेकर (दाबाखाली भांडं हलवणारं यंत्र) किंवा लहान ऑटोक्लेव्ह घ्या. भांडं कोरडं आणि रिकामं असतानाच त्यात नायट्रोजन सोडा. मग कॅटॅलिस्ट टाका. ओलसर भुकटी, स्पॅट्युलाने, भांड्याच्या तळाशी. तोंडाशी सांडलेली एक कणीही राहू देऊ नका. नायट्रोजन चालूच. आता थोडं गार इथेनॉल भिंतीवरून ओघळत सोडा, भुकटी पूर्ण बुडेल एवढं. शेवटी माल उरलेल्या इथेनॉलमध्ये विरघळवून ओता आणि भांड्याची मान त्याच द्रावणाने धुवून घ्या.

हा क्रम उलटा करायचा मोह होतो. सॉल्व्हंट आणि माल आधीच फ्लास्कमध्ये असतात, वरून कॅटॅलिस्ट ‘टाकला की झालं’. फ्लास्कच्या तोंडाशी अल्कोहोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते, आणि त्यातून तुम्ही पेटवायला तयार असलेली भुकटी खाली सोडता. मी पाहिलेली तोंडाशी लागलेली आग हीच. मुलाच्या भुवया गेल्या, तेवढ्यावर निभावलं.

भांडं बंद केल्यावर नायट्रोजनने ३ किलो दाब द्या (म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो, हवेच्या दाबाच्या वर; आपल्याकडे प्लँटमध्ये सगळे ‘किलो’च म्हणतात) आणि सोडा. दर वेळी आतली हवा चौथाई उरते. तीन वेळा केलं की चौसष्टावा भाग, म्हणजे २१ टक्क्यांचा ऑक्सिजन सुमारे ०.३ टक्क्यावर येतो. मी पाच वेळा करतो; नायट्रोजन स्वस्त आहे. शेवटच्या वेळी दाब तसाच ठेवून पंधरा मिनिटं काटा बघा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. काटा हलला तर गळती आहे. हायड्रोजन आणायच्या आधीच ती शोधा.

हायड्रोजनचा सिलिंडर लाल. रेग्युलेटरचे आटे उलटे असतात, ते जुळत नाहीत म्हणून पान्याने जबरदस्ती करू नका. सिलिंडरच्या साठ्याचे आणि परवान्याचे नियम बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं, पेसोचं, मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे; लॅबच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे तिची कागदपत्रं असतात, एकदा वाचून ठेवा. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के या सगळ्या टप्प्यात पेटतो, आणि उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. सोडलेला वायू नळीने थेट बाहेर किंवा हूडच्या वरच्या भागात.

नायट्रोजन काढून हायड्रोजनने दोन-तीनदा तसंच भरा-सोडा करा, मग २ ते ३ किलोवर ठेवून ढवळणं सुरू करा. पहिली दहा-पंधरा मिनिटं भांड्याजवळून हलू नका. काटा उतरायला लागतो, भांडं हाताला कोमट लागतं. दाब उतरला की पुन्हा भरायचा आणि किती वेळा भरला ते वहीत लिहायचं. ३.७ लिटरच्या आसपास घेऊन झालं आणि काटा थांबला, तर बहुधा काम झालं. पण काट्यावर विश्वास ठेवून उघडू नका. नमुना काढायचा तो दाब सोडून, नायट्रोजनने धुवून, मगच.

ढवळण्याबद्दल एक सूचना, ती पुस्तकात क्वचितच सापडेल. रेनी निकेल चुंबकाला चिकटतं. फ्लास्कमध्ये चुंबकी दांडी टाकलीत तर निकेल जाऊन दांडीला मिठी मारतं आणि द्रावण स्वच्छ दिसतं. लोकांना वाटतं रिअ‍ॅक्शन मंद आहे. रेनी निकेलला वरून फिरणारा पंखाच हवा. याच गुणाचा पुढे फायदा होतो: बॅच संपल्यावर भांड्याच्या तळाशी बाहेरून चुंबक धरला की वरचं द्रावण हलकेच ओतून घेता येतं आणि बहुतेक निकेल आतच, सॉल्व्हंटखाली राहतं.

अडली तर

हायड्रोजन घेणं मध्येच थांबलं तर पहिला संशय गंधकावर. आधीच्या पायरीत थायोनिल क्लोराइड, डायथायोनाइट किंवा डीएमएसओ होतं का? रबराचं बूच सॉल्व्हंटमध्ये भिजत होतं का? गंधक, फॉस्फिन, शिसं, पारा यांचा लवलेशसुद्धा पॅलॅडियमचं तोंड बंद करतो. अशा वेळी जास्त कॅटॅलिस्ट टाकणं म्हणजे विहिरीत मीठ टाकणं. त्यापेक्षा पुढच्या बॅचचा माल सॉल्व्हंटमध्ये विरघळवून, थोड्या रेनी निकेलबरोबर किंवा चारकोलबरोबर ढवळून, गाळून मग घ्या.

दुसरी गोष्ट नायट्रोबद्दल, ही गंभीर आहे. नायट्रोचं अमाइन होताना मध्ये हायड्रॉक्सिलअमाइन तयार होतं. हायड्रोजन पुरेसा मिळत असेल तर ते लगेच पुढे जातं. ढवळणं कमी पडलं, हायड्रोजन संपला किंवा कॅटॅलिस्ट अर्धमेला झाला, तर ते साठतं, आणि साठलेलं हायड्रॉक्सिलअमाइन गरम केलं तर अचानक फुटू शकतं. म्हणून अडलेल्या नायट्रो बॅचचं तापमान वाढवून ‘बघू या’ हा प्रयोग करू नका. थंड करा, हायड्रोजन आणि ढवळणं तपासा, टीएलसीवर मधला डाग शोधा.

मध्येच कॅटॅलिस्ट वाढवायची वेळ आलीच तर: थंड करा, हायड्रोजन पूर्ण सोडा, नायट्रोजनने पाच वेळा धुवा. नवा कॅटॅलिस्ट वेगळ्या भांड्यात नायट्रोजनखाली सॉल्व्हंटमध्ये भिजवून त्याची लापशी करा आणि नायट्रोजनच्या प्रवाहात ती ओता. कोरडी किंवा ओलसर भुकटी चालू बॅचमध्ये टाकायची नाही, कधीच नाही.

रेनी निकेलला तीन वर्ज्य गोष्टी. आम्ल नको, निकेल विरघळेल आणि हायड्रोजन सुटेल. क्लोरीनवाली सॉल्व्हंट नकोत. आणि डायॉक्सेनमध्ये जास्त तापमानाला काम नको. २१० अंशांच्या वर ही जोडी स्फोटासारखी वागते. अमाइन बनवताना इथेनॉलमध्ये रेनी निकेल तासन् तास तापवलंत, तर अमाइनवर इथाइल गट चढलेला सापडतो. तो मात्र फक्त डोकेदुखीचा विषय.

गाळणं

आता मुद्द्याचं. गाळायच्या आधी टेबलावर काय हवं: पाण्याची पिचकारी भरलेली, इथेनॉलची बाटली, रुंद तोंडाच्या बरणीत तळाशी पाणी आणि वर लेबल, फनेल झाकेल एवढी काचेची बशी, हाताशी कोरड्या वाळूची बादली, आणि उलटं धरायला एक फनेल, ज्याला नायट्रोजनची नळी लावलेली आहे. जवळ टिश्यू पेपर नको. का ते पुढे येईल.

बुखनरवर कागद, त्यावर हायफ्लोचा (गाळायला मदत करणाऱ्या भुकटीचा) थर, एक ते दीड सेंटिमीटर. हायफ्लो इथेनॉलमध्ये कालवून ओता म्हणजे भेगा पडत नाहीत. भेग पडली की त्यातून कॅटॅलिस्ट खाली उतरतो, आणि खालचं काळपट द्रावण पुढच्या पायरीतली आग आहे. थरावर नेहमी सॉल्व्हंट राहील असं बघा. उलटं फनेल वर धरून नायट्रोजन हलकेच सोडत राहा. त्याने तोंडाशी हवा कमी पोचते.

द्रावण थोडं थोडं ओता. व्हॅक्यूम हलका. वरची पातळी एक सेंटिमीटरवर आली की पुढचं ओता. भांडं इथेनॉलने धुवून तेही ओता. सगळं संपत आलं आणि थरावर अजून ओल चमकतेय तेव्हाच व्हॅक्यूम तोडा. ‘शेवटचा थेंब ओढून घेऊ, यील्ड वाढेल’ हा विचार जिथे येतो तिथेच आग लागते. तो थेंब सोडून द्या. त्याऐवजी थोडं इथेनॉल घालून आणखी एकदा धुवा, यील्ड त्यातच मिळतं. मग व्हॅक्यूमशिवाय थरावर पाणी घाला, इथेनॉल निघून जाऊ द्या, आणि सगळा थर कागदासकट ओल्या स्पॅट्युलाने उचलून बरणीत पाण्याखाली.

लाल ठिपका दिसलाच तर व्हॅक्यूम बंद आणि फनेल बशीने झाका. हवा तुटली की तो विझतो. झाकल्यावर बशीच्या कडेने नायट्रोजन सोडा. इथेनॉल पेटलं असेल तर बाटल्या मागे ओढा आणि लॅबमधला सीओटू किंवा पावडरचा अग्निशामक वापरा. धातूच्या ढिगाला मात्र वाळूच. सर्वांत वाईट म्हणजे फनेल हातात उचलून सिंककडे पळणं. मी ते बघितलंय, वाटेवर तीन ठिकाणी आग पडली होती.

खालचं द्रावण उजेडात धरून बघा. किंचितही राखाडी छटा असेल तर नव्या हायफ्लोवरून पुन्हा गाळा. रोटाव्हॅपरमध्ये (सॉल्व्हंट आटवायच्या फिरत्या यंत्रात) ते आटवलं आणि फ्लास्क गरम असतानाच हवा आत सोडली, तर फ्लास्कच्या भिंतीवरचा तो काळा पापुद्रा पेटतो.

आपल्या उदाहरणात द्रावण आटवून, अल्कोहोल-पाण्यातून स्फटिक काढले की पांढऱ्या सुया मिळतात. सैद्धांतिक यील्ड ८.२६ ग्रॅम, वितळणबिंदू ८८ ते ९० अंश. ५६-५७ च्या आसपास वितळलं तर तुम्ही सुरुवातीचा मालच परत मिळवलाय.

सिलिंडर नसेल तर

कॉलेजच्या लॅबमध्ये हायड्रोजन सिलिंडर ठेवायची सोय आणि परवानगी बहुतेक वेळा नसते. तिथे पॅलॅडियम-कार्बनबरोबर अमोनियम फॉर्मेट वापरून अल्कोहोलमध्येच नायट्रोचं अमाइन होतं. फॉर्मेट हायड्रोजन पुरवतं. दोन गोष्टींची काळजी. एक, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया निघतात, म्हणून भांडं बंद करायचं नाही. गरम केलं तर कंडेन्सरमध्ये अमोनियमचे क्षार साठून वाट बुजते, ती बघत राहा. दोन, सिलिंडर नाही म्हणून कॅटॅलिस्ट सोवळा झाला असं समजू नका. टाकण्याचा क्रम तोच, गाळण्याची पद्धत तीच.

फुगा लावून करणाऱ्यांना एवढंच सांगतो: फुग्यात हायड्रोजन मावतो थोडाच आणि रबरातून झिरपतोही, तेव्हा ३.७ लिटर एका फुग्यात होईल ही आशा सोडा. अर्ध्या ग्रॅमच्या वरचं काम फुग्यावर करू नका.

उरलेल्याचं काय

टिश्यूची गोष्ट राहिली. एका लॅबमध्ये स्पॅट्युलाला लागलेलं थोडं रेनी निकेल एका मुलीने टिश्यूने पुसलं आणि टिश्यू डब्यात टाकला. सगळे जेवायला गेले. पाऊण तासाने परत आलो तेव्हा डबा धुमसत होता. वरती एसीटोनने पुसलेले बोळे होते. नशीब, डबा पत्र्याचा होता. त्या दिवसापासून माझा नियम: कॅटॅलिस्ट लागलेली प्रत्येक वस्तू, स्पॅट्युला, कागद, हातमोजा, आधी पाण्यात. सांडलेला ठिपका ओल्या फडक्यानेच पुसायचा आणि फडकंही पाण्यात.

पॅलॅडियमची बरणी वेगळी, निकेलची वेगळी. पॅलॅडियम धातू परत मिळवायला जातो, त्यात निकेल मिसळलं तर दोन्ही बाजूंनी तोटा. निकेल घातक कचरा म्हणून सामाईक प्रक्रिया केंद्रात. मुंबई-रायगडकडच्या बऱ्याच कारखान्यांचा कचरा तळोज्याला जातो. सिंकमध्ये काहीच नाही. निकेलच्या बरणीचं झाकण घट्ट बसवू नका, तिच्यातून हायड्रोजन सावकाश सुटत राहतो आणि बरणी फुगते. लेबलवर धातू, तारीख, सॉल्व्हंट आणि मोठ्या अक्षरात ‘ओलं ठेवा’.

आणि झाकण सैल असल्यामुळेच पाणी उडतं. फ्यूम हूडच्या वाऱ्यात तर ते फार लवकर उडतं. शनिवारी चार बोटं असलेलं पाणी मोठ्या सुट्टीनंतर तळाला गेलेलं मी पाहिलंय, वर काळा थर उघडा पडलेला. गणपती, दिवाळी, प्लँटचं शटडाउन, यांच्या आदल्या दिवशी निघण्यापूर्वी बरण्या काठोकाठ भरा आणि सुट्टीत ड्युटीला असणाऱ्या सिक्युरिटीला त्या कुठे आहेत ते दाखवून ठेवा.